भोपळ्याच्या पोटातले एकोणतीस सूर

भोपळा पुन्हा वाजला. पियानोचे एकोणतीस सूर, आणि तिसाव्याच्या तोंडावर गप्प. सकाळपासूनची ही एकेचाळिसावी खेप. अफरीननं दहाही नखं कुरतडून संपवली होती.

भोपळा म्हणजे घरकामाचा यंत्रमानव. मिरजेच्या वाद्यांच्या गल्लीत तानपुऱ्यासारखं गोल पोट घेऊन आल्यावर दुसरं कुठलं नाव पडणार? तीन वर्षांपूर्वी तो जुन्या बाजारातून आला, तेव्हाच हे सूर त्याच्या स्मृतीत (यंत्राच्या आठवणींच्या साठ्यात) होते. आधीच्या घरी कुणीतरी वाजवलेले. कुणी आणि काय, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

काल यंत्रतपासणीचे निमकर आले. सूर ऐकून म्हणाले, "याचं नाव सांगा. नाव नसेल तर नियमानं स्मृती कोरी करावी लागेल. अनोळखी आवाजाआडून कुणी छुपा हुकूम पेरलेला असू शकतो. उद्या पाचला येतो."

कोरी म्हणजे तीन वर्षं धुऊन जाणार. अफरीन बोलताना अडखळते. बाकीची यंत्रं तिचं वाक्य मध्येच तोडतात आणि शेपूट आपल्या मनानं जोडतात. ती 'पा'वर अडकली की पाणी आणून देतात. तिला पाटी हवी असते. माणसंही काही वेगळी नाहीत. फक्त भोपळा थांबतो. तिचं वाक्य संपेस्तोवर थांबायला तो तीन वर्षांत शिकला होता. आता पाचला जेमतेम दोन तास उरले होते.

"स्वरकोशाला विचारलंस?" पेटीचा भाता उघडता उघडता नसीमखालानं विचारलं. ही अफरीनच्या आईची बहीण. शाळा सातवीपर्यंत, पण गल्लीतल्या बिघडलेल्या पेट्या शेवटी तिच्याच दुकानात यायच्या. जीभ कानशीसारखी.

"च... चारदा. जगातली चार कोटी ध्वनिमुद्रणं आहेत त्याच्याकडं. म्हणतो, अ... अनोळखी."

"चार कोटी ऐकून बहिराच राहिला म्हणायचा. ओळखतो तरी कसा?"

भोपळा म्हणाला, "सूर म्हणजे हवेची थरथर. एका सेकंदात हवा किती वेळा थरथरली, ती वारंवारता. स्वरकोश क्षणाक्षणाला सगळ्यात जोरकस वारंवारता टिपतो. त्या टिंबांचा एक ठसा होतो, अंगठ्याच्या ठशासारखा. ठसा जुळला की नाव सापडतं."

खालाची बोटं पट्ट्यांवर फिरली आणि अडली. "हा पियानो मधेच लटकलाय. धड काळी पाच नाही, धड पांढरी सात नाही. तारा सैल पडलेल्या. सगळेच सूर उतरले, तर ठसा जुळणार कसा? अगं, दुकानात कुणी गायला आलं तर मी आधी काय विचारते?"

"प... पट्टी कुठली."

"त्या शहाण्यानं विचारली?"

अफरीन ताडकन उठली. दुकानात येणारा एक गवई काळी चारमध्ये गातो, दुसरी बाई पांढरी एकमध्ये. भजन तेच असतं. पट्टी बदलली म्हणून भजन बदलत नाही. मग बदलत नाही ते काय?

"अंतर, खाला. ए... एका सुरापासून दुसरा किती लांब, ते. सुरांची नावं सोडू. पट्ट्या म... मोजू."

पहिल्या सुरावरून दुसऱ्यावर जाताना काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजत दोन पट्ट्या वर. मग पाच वर. मग एक खाली. याला म्हणतात स्वरांतर (दोन सुरांमधली उडी). एकोणतीस सुरांच्या अठ्ठावीस उड्या. 'दोन वर, पाच वर' हजारो चिजांत सापडेल. पण लागोपाठ अठ्ठावीस उड्या जुळल्या, तर तो योगायोग म्हणणारा माणूस गाढवच.

स्वरकोशाला सांगायला ती "दो... दोन, पाच" म्हणते तोच तो मध्येच म्हणाला, "तुम्हाला हा फोन नंबर शोधायचाय का?" खालानं त्याला एक अस्सल शिवी घातली. अफरीननं सगळं टाइप केलं: तुझ्याकडच्या प्रत्येक रचनेची मुख्य सुरावट उड्यांमध्ये मांड आणि मग शोध.

पाच वाजायला सात मिनिटं असताना उत्तर आलं. पाश्चात्त्य अभिजात संगीत. लीडिया हॉर्नोव्हा नावाच्या शिक्षिकेनं शिष्यांसाठी रचलेले 'बोटांसाठी छत्तीस धडे'. धडा सतरावा.

पाचच्या ठोक्याला निमकर दारात हजर झाले. त्यांनी उत्तर वाचलं. "अठ्ठावीसपैकी सव्वीस जुळल्या. दोन नाही. ओळख अपुरी." त्यांचा हात पिशवीतल्या अवजाराकडं गेला.

"थ... थ..."

"थांबून काय होणार, बाळ? नियम—"

"तिचं संपू द्या, साहेब," खाला म्हणाली. "तुमची गाडी सुटत नाहीये."

भोपळा नेहमीसारखा थांबला होता. अफरीननं श्वास घेतला.

"चुकलेल्या दोन उड्या श... शेजारी-शेजारी आहेत. पुस्तकात पाच वर, मग दोन खाली. भोपळ्यात चार वर, मग ए... एक खाली. बेरीज करा."

निमकरांनी बोटांवर मोजलं. "दोन्हीकडं तीन वर."

"म्हणजे एकच बोट च... चुकीच्या पट्टीवर पडलं. त्याच्यामुळं आधीची उडी बिघडली आणि प... पुढचीही. त्यानंतर सूर परत वाटेवर. वेगळी रचना असती तर परत आलाच नसता. कुणीतरी पोर हा धडा शिकत होतं. तिसाव्या सुराला मोठी उडी आहे, ति... तिथं त्याचा हात पोचत नसणार."

निमकरांनी पिशवीतून तपासणीचा कागद काढला. मग त्यांनी 'अनोळखी' हा शब्द खोडला, वर धड्याचं नाव लिहिलं आणि सही केली.

खाला चहा टाकायला वळली, तरी ते जाईनात. दारातच घुटमळत म्हणाले, "माझी आई एक सुरावट गुणगुणायची. शब्द नव्हते. कुठंच सापडली नाही. सापडेल? मला तिची पट्टीही ठाऊक नाही."

अफरीननं पेटी आपल्या पुढ्यात ओढली.

"प... पट्टी लागत नाही," ती म्हणाली. "तुम्ही म्हणा. आम्ही थांबतो."