बिननावाचं पुडकं

सेलूच्या स्टेशनावर सूर्यभान उतरला तेव्हा त्याच्या काखेत वीतभर लांबीचं पत्र्याचं इंजिन होतं. पूर्णेच्या लोको शेडमध्ये तो फिटर. शेडमधल्या इंजिनाची हुबेहूब नक्कल त्याने फुटाला पाव इंच या मापाने उतरवली होती. लहानपणापासूनचा नाद, पण पोलीस ॲक्शनच्या वर्षी घर सोडून पळावं लागलं आणि नाद ट्रंकेत बंद झाला. आठ वर्षांनी ट्रंक उघडली तर हात पुन्हा शिवशिवू लागले. इंजिन झालं, रंग मात्र जमेना. कुंचल्याचा एकेक ओरखडा त्या एवढ्याशा इंजिनावर नांगरटीसारखा दिसायचा. कुणीतरी सांगितलं, हवेनं रंग उडवायचा एअरब्रश बन्सीधर पेंटरकडे मिळेल.

बन्सीधर पेंटरला मोतीबिंदू झालेला. तो मागच्या खोलीत बसायचा. कापसाच्या जिनिंगच्या पाट्या रंगवणं आणि दुकान बघणं त्याच्या लेकीकडे, नर्मदेकडे. नाव-गाव विचारून तिने दोन एअरब्रश पुढे ठेवले.

"ह्याचा चाप दाबला की हवा आन् रंग संगंच येतो. ह्याचा दाबला की नुसती हवा, मागं ओढला की रंग. कोणता देऊ?"

तिच्या नाकाच्या शेंड्यावर निळा ठिपका होता... सूर्यभान तोच पाहत राहिला.

"दोन्ही बरेच दिसायलेत," तो म्हणाला.

"दिसण्याचं काय घेऊन बसलात? बोहल्यावर उभं करायचंय का त्यायला?"

तिने ट्रकच्या ट्यूबमध्ये भरलेली हवा नळीला जोडली आणि दुसरा एअरब्रश त्याच्या हाती दिला. पान्यांना सरावलेला अंगठा तो. चाप ओढताच कागदावर कोळ्याच्या पायांसारखा रंग पसरला.

"अंगठा हाय का हातोडा?" ती हसली. "सूर्यभानराव, रंगाला ढकलायचं नसतं. बोलवायचं असतं."

पुढच्या आयतवारी सांगतो, असं म्हणून तो निघाला. मग दर आयतवारी तेच. शेडमध्ये वाटायचं, सोपा तोच घ्यावा. गाडीत वाटायचं, दुसराच बरा. दुकानात ती लांबूनच हाक मारायची, "या सूर्यभानराव, आज कोणता?" — आणि त्याला दोन्ही एअरब्रश सारखेच दिसू लागायचे. पाचव्या आयतवारी त्याच्या हातून केसाएवढी रेघ निघाली. तरी त्याने ठरवलं नाही. एकदा घेतला, की सेलूला यायचं काय कारण?

सहाव्या आयतवारी हाक आली नाही.

"आलात का," ती खाली बघूनच म्हणाली. जिंतूरचं स्थळ आलंय, परवा होकार कळवायचाय, एवढं तिने सांगितलं आणि फळीवरून एक पुडकं काढलं. फळीवरच्या इतर पुडक्यांवर तिच्या वळणदार अक्षरात गिऱ्हाइकांची नावं होती — माणिकराव, व्यंकटराव. हे मात्र कोरं.

"तुमच्यासाठी बाजूला ठेवलाय."

"मग नाव?"

"नाव म्या न्हाई लिहायची," म्हणाली, आणि उठून आत गेली.

सूर्यभानला काहीच कळेना. कालपरवापर्यंत घडीघडीला नाव घेणारी आज नाव न घेता बोलली. कंटाळली असेल... की रागावली? पुडकं तिथंच ठेवून तो परतला.

घरी केशरआत्या तूर निवडत होती. त्याचं तोंड पाहून तिने खोदून खोदून सगळं काढून घेतलं. मग सूप खाली ठेवलं.

"चाळीस वरसं झाली माझ्या लग्नाला. आमच्या मालकांचं नाव माझ्या तोंडून कधी ऐकलंस?"

सूर्यभानने आठवून पाहिलं. "न्हाई."

"मग ते काय माझे वैरी हायेत व्हय रे?"

सकाळची पहिली गाडी पकडून तो सेलूला पोचला तेव्हा दुकान नुकतं उघडत होतं. पुडकं काल ठेवलं तिथंच होतं.

"ठरलं का?" नर्मदेने विचारलं.

"ठरलं. पण कोरं पुडकं मी नेत न्हाई." त्याने पुडकं सोडलं, एअरब्रश नळीला जोडला आणि त्याच कोऱ्या कागदावर चाप अलगद ओढला. रंग बोलावल्यासारखा आला. निळ्या अक्षरात उमटलं — नर्मदा.

"तुमी माझं नाव घेऊ नका," तो म्हणाला. "मी तुमचं घेतो."

ती अक्षरांकडे बघत राहिली... मग ओल्या रंगाला धक्का न लावता तिने तो कागद जवळ ओढला.

"नर्मदे, एवढ्या सकाळी कोण गिऱ्हाईक हाय गं?" आतून बन्सीधर पेंटरने विचारलं.

तिचे ओठ हलले, थांबले. "ते... पूर्णेचे हायेत, आबा."

पाच आयतवार त्या घरात एकच नाव घुमलं होतं. ते आज आलं नाही, हे म्हाताऱ्याच्या कानांनी बरोबर टिपलं.

"मग दारात काय उभं केलंस?" तो म्हणाला. "पाव्हण्यायला गूळपाणी दे. जिंतूरला काय कळवायचं ते मी बघतो."