पट्टीची शेपटी

"दादाला उडवलं त्या गाडीचा रंग कोणता होता?"

हरिचंदने हे साऱ्यांना विचारून झाले होते. सिद्धेश्वरच्या वळणावरच्या पानटपरीवाल्याला, दूधवाल्याला, ठाण्यातल्या हवालदाराला. कुणी म्हणे अंधार होता, कुणी म्हणे डोळ्यांवर उजेड आला. रंग कुणीच सांगितला नाही.

हळद शिजवायचा कुकर वाफ सोडत होता. रात्रपाळीला बसलेल्या पोरांना म्हातारा ग्यानबा सांगत होता. "वसमतला माझ्या हॉटेलासमोरच त्या दोघा भावांचं दुकान. खोटं बोलत असंल तर ह्या कुकरात घाला मला."

"मावशील का आबा?" स्वप्निल म्हणाला. पोरे हसली. ग्यानबा हसला नाही.

दुकान गाड्यांना पॉलिश करायचे आणि आतून धुऊन द्यायचे. थोरला धम्मानंद, धाकटा हरिचंद. थोरला शांत, धाकटा म्हणजे तव्यावरचा फुटाणा. पॉलिशचे मशीन लावण्याआधी धम्मानंद काचेभोवतीच्या काळ्या रबराला, दाराच्या प्लॅस्टिकला, दिव्यांच्या कडांना कागदी चिकटपट्टी लावायचा. रबरावर पॉलिश बसले की पांढरा डाग पडतो, तो जन्मात निघत नाही. आत सीटवर प्लॅस्टिक, बटणांवर पट्टी. आणि प्रत्येक पट्टीचे टोक नखाएवढे दुमडून तो शेपटी ठेवायचा. काढताना नखाने खरवडावे लागू नये म्हणून.

हरिचंदला एवढा धीर कुठला? "पुसून घेऊ की नंतर!"

"हऱ्या, मशीनला काय कळतंय? दिसंल ते घासतंय ते. ज्याला जपायचं, त्याला आधी पट्टी."

तुरी निघायच्या दिवसांत सिद्धेश्वरच्या वळणावर धम्मानंद गेला. उडवणारी गाडी थांबलीसुद्धा नाही. दुकान हरिचंदकडे आले. त्याने पट्टीचे एक रीळही पुन्हा आणले नाही.

गेल्या वर्षी धुळवडीनंतरचा सोमवार. दिवस मावळताना हट्टा गावचे उत्तमराव मोठी पांढरी गाडी घेऊन आले. मंगळवारी लेकीचा साखरपुडा होता.

"सकाळी आरशासारखी पाहिजे बरं का पोरा."

हरिचंद गाडीभोवती फिरला. उजवा दिवा जुना, पिवळा पडलेला. डावा कोरा करकरीत. बंपरही नवा.

"हा दिवा कधी बदलला, मालक?"

"झाले दोन-तीन महिने. कुत्रं आडवं आलं होतं, सिद्धेश्वरच्या वळणावर."

हरिचंदने किल्ली ठेवून घेतली.

रात्री वहिनी जेवणाचा डबा घेऊन आली, दीक्षा. कडेवर लेकरू. हरिचंद दिव्याकडे टक लावून बसला होता. शेजारी जुना रंग उतरवायच्या औषधाचा डबा. तिला सांगावे लागले नाही.

"भाऊजी, एकाला रस्त्यानं नेलं. दुसऱ्याला ठाण्यानं नेलं, तर ह्या लेकराला कुणाच्या तोंडाकडं बघायला लावू?"

"तुमी जावा घरी."

"तीच गाडी हाय कशावरून?"

"जावा म्हणलो ना!"

ती गेली. त्याने शटर आतून ओढून घेतले. औषधाच्या डब्याचे झाकण अडकले होते. स्क्रूड्रायव्हर आणायला तो मागच्या फळीकडे गेला. झाकण उचकटले. उग्र वास सुटला. डबा उचलून तो गाडीकडे वळला.

डाव्या दिव्याभोवती पट्टी होती.

त्याने ओरबाडून काढली, फेकली. शेपटी दुमडलेली होती, ते त्याने पाहिले. पाहून न पाहिल्यासारखे केले.

तेवढ्यात गाडीच्या पलीकडून आवाज आला. चर्रर्र... रिळावरून पट्टी सुटते तसा.

तो वाकून बघायला गेला. कुणी नाही.

आवाज आता मागून. चर्रर्र... मग दातांनी तोडल्याचा. टच्.

धम्मानंद दातांनीच तोडायचा.

आरशाला पट्टी. काचेच्या रबराला पट्टी. बॉनेटवर कागद, त्याच्या कडांना पट्टी. त्याने गाडीचे दार उघडले. आत सीटवर प्लॅस्टिक. सुरकुती नाही.

"दादा?"

...

"हीच का गाडी? दादा, रंग सांग. मुंडी तरी हालीव."

...

"ज्यानं तुला मारलं त्याची गाडी जपून राहिला तू? काहून?"

दुकानातला बल्ब जळत होता. हरिचंदने डबा डोक्याच्या वर उचलला. मनगटाला गार काहीतरी लागले. गुंडाळले गेले. हळू. काळजीने...

ग्यानबा थांबला. कुकर फुसफुसत होता. कुणी हसले नाही.

"सकाळी चहा घेऊन मी शटर वाजवलं. त्यानं उघडलं. अख्खी गाडी कागदात. डब्याला झाकण घट्ट. आन् पोराच्या उजव्या मनगटाला पट्टी, शेपटी दुमडलेली. मी रीळ हुडकलं. कोपरा न् कोपरा. दुकानात रीळच नव्हतं."

त्या सकाळी हरिचंदने मशीन चालवले. आतली माती काढली, सीट पुसल्या. मग एकेक पट्टी शेपटी धरून काढली. घाई केली नाही. रबरावर एक डाग नव्हता.

उत्तमराव आले. बॉनेटमध्ये मिशा बघितल्या. "वा! भावाचा हात उतरला तुझ्यात."

हरिचंदने किल्ली पुढे केली, पण सोडली नाही.

"मालक, कुत्र्याचा रंग कोणता होता?"

उत्तमरावांनी त्याच्याकडे बघितले. मग मनगटाकडे. किल्ली ओढून घेतली आणि गेले.

"तीच गाडी होती का मग?" स्वप्निलने हळूच विचारले.

"कुणाला ठावं? त्यालाबी कुणी सांगितलं न्हाई, मीबी सांगू शकत न्हाई. पण सिद्धेश्वरला जाशील तर वळणावरचा किलोमीटरचा दगड बघ. त्याला पट्टी हाय, कागदाचीच. अख्खा पावसाळा गेला वरून. एक कड सुटली न्हाई."

गाडी नेली त्या दिवशी संध्याकाळी हरिचंद त्या दगडापाशी गेला होता. वहिनीला आणि लेकराला रस्त्यापासून लांब उभे केले. मनगटाची पट्टी शेपटी धरून सोडवली आणि दादा पडला होता तिथल्या दगडाला लावली. हाताने दाबून बसवली. मग जन्मात पहिल्यांदा, नखाने, तिचे टोक नीट दुमडले.