काट्यावरचा माणूस

"अहो, खाली उतरा! मला गाडीचं वजन हवंय, तुमचं नको."

तिने केबिनच्या खिडकीतून ओरडून सांगितलं, तेव्हा तो रिकाम्या ट्रकशेजारी, वजनकाट्याच्या लोखंडी पत्र्यावर खुशाल उभा होता. दचकून त्याने बाजूला उडी मारली. भट्टीसाठी भंगार खरेदी करायला नव्याने लागलेला हा माणूस तिच्या वखारीत पहिल्यांदाच आला होता.

"विसरलोच…"

"विसरणारे सगळे गाडी रिकामी असतानाच कसे विसरतात?"

रिकामी गाडी जितकी जड दिसेल, तितका विकणाऱ्याचा माल कमी भरतो. बाबांनी हे तिला लहानपणीच शिकवलं होतं. आता बाबा नव्हते. केबिनमधल्या खुर्चीच्या पाठीवर त्यांचा मफलर अजून तसाच होता, आणि ती त्या खुर्चीत बसत नसे. दिवसभर खिडकीशी उभी राही.

तो लबाड होता की वेंधळा, हे काही तिला ठरवता येईना. लबाड माणसाचे कान असे लाल होतात का?

त्या दिवशी त्याने थोडं पितळ नेलं. मग तो येतच राहिला. कधी जुने नळ बघायला, कधी नुसताच भाव सांगायला… जो फोनवरही सांगता आला असता. आणि भाव तर रोज घसरत होता.

"मालक, मागच्या खोलीतलं तांबं कधी काढताय?" एके दुपारी त्याने विचारलं.

"भाव चढला की."

"आणि नाही चढला तर?"

"तर तुम्हाला काय त्रास?"

"मला कसला त्रास… तुमच्या दारातून फेरीवाले परत जातात, ते बघवत नाही, एवढंच."

ते तिलाही दिसत होतं. घरोघरचं भंगार गोळा करणारे फेरीवाले सकाळी माल घेऊन येत, हातात रोकड नाही म्हणून ती थोडाच घेई, आणि उरलेला माल पलीकडच्या वखारीत जाई. बाबांनी चढ्या भावात घेतलेलं तांबं मात्र मागच्या खोलीत छताला टेकलं होतं. तारा सोलून, सरळ करून, जुड्या बांधून ठेवलेलं. प्रत्येक जुडीला बाबांच्या हातची तीच दुहेरी गाठ.

"दादा असता तर थांबला असता," काका बाबांबद्दल म्हणत.

"तुला पटेल ते कर," आई म्हणे, आणि लगेच, "पण घाई नको हं."

आणि हा म्हणत होता, विका. घेणाराच विका म्हणतो, यात नवल काय? पण मग जाताना तो फाटकाशी मागे वळून का बघतो? आणि तो वळतो की नाही हे बघायला आपण खिडकीत का थांबतो? कशाचाच कशाला मेळ लागेना.

शेवटी तिने त्याला सरळच विचारलं.

"खरं सांगा, हे तांबं विकण्यात फायदा कुणाचा? तुमच्या भट्टीचा की माझा?"

तो बराच वेळ बुटाच्या टोकाने एक खिळा लोळवत राहिला.

"आम्हाला विकलंत तर भट्टीचा. नदीपलीकडच्या भट्टीला द्या. त्यांना नड आहे, आमच्यापेक्षा बरा भाव देतील."

ती बघतच राहिली. "तुमच्या मालकांना कळलं तर?"

"तर ओरडतील."

"आणि मग… तुम्ही इथे कशाला याल?"

"तेच तर कळत नाहीये," तो म्हणाला, आणि निघून गेला. या वेळी त्याने वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी ती मागच्या खोलीत जाऊन बसली. बाबांनी घेतलं तो भाव गेला होता, आणि रोज त्या ढिगाकडे बघत बसल्याने तो परत येणार नव्हता. पण भाव पडला तो काही नुसता विक्रीचाच नव्हता, खरेदीही तेवढीच स्वस्त झाली होती. हे तांबं निघालं तर फेरीवाल्यांचा माल रोजच्या रोज घेता येईल, निवडून, सोलून लगेच पुढे पाठवता येईल. मिळेल ते त्या मेहनतीचं मिळेल. थोडं, पण वखार चालेल. बाबा थांबले असते का? कोण जाणे. त्यांना विचारता येत नव्हतं, सगळी अडचण तीच होती.

तिने एक जुडी उचलून मांडीवर घेतली. गाठ सोडवायला गेली… आणि तशीच राहू दिली.

नदीपलीकडचा ट्रक आला. भाव खरोखरच बरा होता. जुड्या चढल्या, काटा झाला, ट्रक फाटकाबाहेर गेला. ती न सोडलेली जुडी मात्र केबिनमध्ये, खुर्चीला टेकून मफलरशेजारी राहिली. खूप दिवसांनी ती खुर्चीत बसली.

वर पाहिलं, तर रिकाम्या काट्यावर तो उभा. ना ट्रक, ना काम.

"अहो, भट्टीवाले! आज काय घ्यायला आलात?"

"काही नाही. एक सांगायचं होतं… त्या पहिल्या दिवशी मी खरंच विसरलो होतो."

"इतकं काय बघत होतात?"

"खिडकी."

"खिडकीत बघण्यासारखं काय होतं?"

"कुणीतरी माझ्यावर ओरडायच्या बेतात होतं."

तिला हसू आलं, आणि हसताना डोळे भरून आले. दोन्ही एकदम कसं होतं, हेही तिला कळेना. समोरच्या पडद्यावर त्याच्या वजनाचे आकडे लुकलुकत होते.

"उतरू का खाली?" त्याने विचारलं.

ती केबिनच्या पायऱ्या उतरली, उन्हाने तापलेल्या पत्र्यावर त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

आत पडद्यावरचा आकडा हलला, थोडा डळमळला आणि स्थिरावला. वाचायला तिथे कुणीच नव्हतं.