ताट धुतलेलं होतं

पटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या. माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलेलं आहे हे. आणि ती थापा मारणारी पोरगी नाही. थापा मारायलाही अंगात जीव लागतो.

कॉलेजचं दुसरं वर्ष. घरून जाऊन-येऊन करायची. अंधारात घर सोडायचं, दोन बस बदलायच्या, अंधारातच परत. बसमध्ये दांडा धरून उभ्या उभ्या झोपायची. सुरुवातीला चिडायची, रडायची. मग तेही बंद झालं. नुसती जायची आणि यायची.

घरी मायलेकी दोघीच. मावशी शाळेचे गणवेश शिवते. मशीन खिडकीशी, उजेडासाठी, त्यामुळे तिची पाठ कायम दाराकडे. लेक आली तरी वळून बघायची नाही. शिवण वाकडी गेली तर उसवत कोण बसणार? तिला आवाज पुरायचे. दाराची कडी. सँडल. मोरीतला नळ.

मग, "आले गं आई."

"जेवून घे."

झालं बोलणं. ही झाकलेलं ताट काढून जेवायची, खरकटं तसंच मोरीत टाकून आडवी व्हायची. त्यावरून रोज सकाळी मावशीची बोलणी.

थंडीतला मंगळवार होता तो. येताना बसायला जागा मिळाली, डोळा लागला, तो थेट डेपोत उघडला. ड्रायव्हरनं हलवून उठवलं.

"पोरी, घरदार आहे की नाही तुला?"

फोन बंद पडलेला. परतीची बस मिळेपर्यंत बराच उशीर झाला. आई काळजीनं अर्धी झाली असेल, रस्त्यावर येऊन उभी असेल, असं तिला वाटत होतं. खरं सांगायचं तर, उभी असावी असंच वाटत होतं.

रस्त्यावर कुणी नव्हतं.

आतून मशीनचा आवाज येत होता... रोजच्यासारखा.

"आले गं आई."

मशीन थांबलं.

मावशी वळली. कित्येक महिन्यांनी.

"अगं, परत कुठे गेली होतीस?"

"परत म्हणजे? आत्ता येतेय मी."

"चल, काहीतरीच! मघाशी नाही का आलीस? जेवलीससुद्धा."

हिनं मोरीत पाहिलं. ताट होतं... धुऊन, पुसून, भिंतीला टेकवून ठेवलेलं.

"आज आपणहून धुतलंस, कित्ती बरं वाटलं मला," मावशी म्हणाली. "आणि किती दिवसांनी बसलीस बाई माझ्यापाशी!"

मशीनजवळच्या स्टुलावर एरवी कपड्यांचा ढीग असतो. तो खाली उतरवलेला होता. तयार गणवेशांचे सुटे दोरे कुणीतरी कापून दिले होते. स्टुलाच्या पायाशी त्यांचा पुंजका पडला होता...

"आई, तू बघितलंस तिला?"

"तिला कुणाला? माझी मान खाली. पण तुझा आवाज मला कळत नाही होय?"

"काय बोलले मी?"

"विसरलीस? गुडघा कसा आहे विचारलंस. म्हणालीस, आई, आता मी घरीच असेन."

किंचाळावं, पळत सुटावं... तसलं काही झालं नाही. ती मला म्हणाली, "ताई, भीती नाही गं वाटली. आईचा चेहरा खुलला होता, त्याचंच वाईट वाटलं."

आत जाऊन तिनं अंथरुणावर हात ठेवला. अंथरूण उबदार होतं.

मग ती रोज धावत घरी यायला लागली. ताट धुवायची, स्टुलावर बसायची. पण दोन वाक्यांत डोळे मिटायचे.

"जा, झोप," मावशी म्हणायची. "काल बोललो की आपण पोटभर."

काल ती जेवून लगेच झोपली होती.

एक दिवस लेक्चरं रद्द झाली. भरदुपारी ती घरी पोचली. आज आपण आधी, असं म्हणत तिनं कडीला हात लावला.

मशीन बंद होतं...

आत मावशी हसत होती. खळखळून. हिनं दार ढकललं.

मावशी मशीन सोडून स्टुलाकडे तोंड करून बसली होती. स्टूल रिकामं. त्यावरून एक दोरा तेवढा खाली घसरला...

मावशीनं लेकीला नखशिखांत न्याहाळलं.

"कोण पाहिजे?"

क्षणभरच. मग म्हणाली, "अगंबाई, तू होय! ओळखूच आली नाहीस बघ." आणि मशीनकडे वळली.

परवा मी तिला कॉलेजला जाऊन भेटले. सांगितलं, "इथेच एखादी खोली घे. कशाला जातेस त्या घरात?"

"मी गेले नाही, तर माझी जागा रिकामीच पडेल ना, ताई," ती म्हणाली. आवाजात चढ नाही की उतार नाही. "मग ती दुसरी तिथून कशाला उठेल?"

तिची बस आली. चढली, दांडा धरला, डोळे मिटले.

मला राहवलं नाही. बस समोर असतानाच मावशीला फोन लावला.

"मावशी, लेक आली का गं घरी?"

"केव्हाच! ही काय, इथेच बसलीये. देऊ तिला?"

मागे मशीनचा आवाज नव्हता...

मी फोन ठेवून दिला. बस अजून सिग्नललाच उभी होती.