कागद वाळेपर्यंत

जेवणं आटोपली तशा ओरोंत्सोकाकांनी खिडक्यांच्या झडपा ओढून घेतल्या. "पोरी, या उन्हात कुत्रंही बाहेर पडत नाही. ही वेळ आपली नव्हे."

"मग कुणाची?" दोनाता ब्रश आणि कागद पिशवीत कोंबत हसली.

"ज्यांना झोप लागत नाही, त्यांची."

"संध्याकाळी तुमचा जावई बागेतल्या त्या शिळेवर सिमेंट ओतणार. भाड्याने उतरणाऱ्या पाहुण्यांना पोहायला तलाव हवा ना! मग मी काय वाचू, तलावातलं पाणी?"

काकांनी शेवटच्या झडपेची कडी लावली.

दक्षिण इटलीतल्या या सालेन्तोत रोमनांच्या आधी लोक मेसापी भाषा बोलत. संस्कृतची ती लांबची बहीण. उरली फक्त दगडांवर, आणि तिथेही बहुतेक नुसती नावंच. सापडलेल्या शिलालेखांचे फोटो दोनाताच्या प्राध्यापकांनी वर्षानुवर्षं कपाटात कोंडले होते. "मी छापल्यावर बघ," म्हणायचे. छापत नव्हते, कुणाला बघूही देत नव्हते. आणि आता काकांच्या वठलेल्या ऑलिव्हच्या बागेत, सबंध वाक्यं कोरलेली थडग्याची शिळा निघाली होती. हिची झिजलेली अक्षरं फोटोत उमटत नव्हती; ओल्या कागदावरचा ठसा हुकला, की प्रबंध संपला.

बागेत चिटपाखरू नव्हतं. तिने शिळा धुतली, ओला जाड कागद अंथरला आणि ब्रशने ठोकू लागली. थप्, थप्. कागद अक्षरांत रुतत गेला. झाडांवरच्या किड्यांची किरकिर एकाएकी थांबली. ओल्या मातीचा, बंद खोलीसारखा वास आला.

थप्, थप्...

तिचा हात थांबला होता. आवाज थांबला नव्हता. तो खालून येत होता.

मग सुकं, पोकळ काहीतरी दगडावरून हळूहळू सरकलं.

"दोनाता..." बांधावर काका उभे होते, अनवाणी. "चल घरी."

"ऐकलंत?"

"ऐकायचं नसतं. ऊठ."

मेसापी लोक एकच थडगं पुन्हा पुन्हा वापरत. नवं प्रेत आलं, की जुनी हाडं कोपऱ्यात सारत. "काका... आत जागा करताहेत."

काकांनी छातीवर क्रूस काढला. "ऊठ म्हणतो ना!"

"कागद ओला आहे. आत्ता उचलला तर फाटेल."

"फाटू दे!"

"सगळे हेच म्हणतात. फाटू दे, बुजू दे, कुलपात सडू दे..." ती शिळेशी मांडी घालून बसली. "मी नाही म्हणणार."

काकांची पावलं दूर गेली. खालचं सरकणंही थांबलं. जागा झाली असावी.

वाळला का, म्हणून तिने कागदावर तळवा टेकवला. भाजणाऱ्या उन्हात तो बर्फासारखा गार होता. आणि तळव्याखाली तो श्वास घेणाऱ्या छातीसारखा सावकाश वर उचलला गेला... थांबला... पुन्हा खाली बसला.