विसाव्याची सुई

“लग्न पाऊण तासात उरकलं, आणि या मेल्या सुईपायी सकाळपासून ताटकळतेय,” कौतिकाबाई शेजारणीच्या कानाशी लागून कुरकुरल्या. आवाज मात्र एवढा, की टेबलापलीकडच्या डॉ. सुलक्षणा रणदिव्यांनाही नीट ऐकू जावा.

सुलक्षणाबाईंना हसू आलं. ‘विसावा’ ही त्यांनीच शोधलेली सुई. तिला गावोगाव असा मान मिळेल, असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. हळद उतरायच्या आत सासवा नव्या सुनेला आरोग्यकेंद्रात आणायच्या, सुईआधी तिची ओटी भरायच्या आणि नर्सच्या हातावर पेढा ठेवायच्या. विसावा राज्यभर फुकट द्यायचा की नाही, हे उद्या मुंबईत ठरणार होतं. त्याआधी एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून बाई इथे आल्या होत्या.

“पण ही करते काय हो नेमकं?” कौतिकाबाईंनी नंबर लागताच खुर्ची पुढे ओढली. नववीच्या वर्गातून थेट बोहल्यावर चढलेली त्यांची सून ईश्वरी मागे भिंतीला टेकून उभी राहिली.

“अस्वलीण बघितलीय?”

“टीव्हीत.”

“तिला उन्हाळ्यात दिवस जातात, पण गर्भ लगेच रुजत नाही. कणाएवढा होऊन पोटात नुसता तरंगत राहतो. खाऊनपिऊन तिच्या अंगावर चरबी चढली, की मग रुजतो आणि वाढायला लागतो. तीच युक्ती आम्ही माणसाला शिकवली. सुई घेतली, की गर्भ राहिला तरी पोरीला वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत तो थांबतो.”

“अस्वलिणीला सासू नसते, म्हणून जमत असेल तिला!”

नर्स रझिया मास्कआड फिसकन हसली.

हिशेब तसा सरळ होता. कोवळी आई म्हणजे अंगात रक्त कमी, बाळंतपण अडलेलं, बाळ मुठीएवढं. मग रक्ताच्या पिशव्या, शस्त्रक्रिया, बाळाला महिनाभर काचेची पेटी. जिल्ह्याच्या आरोग्याचा निम्मा पैसा त्यातच जिरायचा. विसावा आला, पेट्या रिकाम्या पडल्या आणि वाचलेल्या पैशांतून खेड्यापाड्यांत दातांचे डॉक्टरसुद्धा आले. म्हातारे कवळी लावून भाकरी चावायला लागले. सुया मात्र दर वर्षी दुप्पट लागत होत्या. “मागणी वाढतेय म्हणजे जागृती वाढतेय,” असं खात्याचे साहेब म्हणत. टाळ्या पडत. सुलक्षणाबाईही वाजवत.

“लई उपकार झाले तुमचे,” कौतिकाबाई मनापासून म्हणाल्या. “थोरल्या सुनेच्या वेळी ही सोय नव्हती. पोर बाळंतपणात दगावली तर काय, या धास्तीनं ती एकोणिसाची होईस्तोवर व्याह्यांना थोपवून धरलं होतं. आता कशाला थांबायचं? हिला तर सोळावंही लागू दिलं नाही.”

सुई भरता भरता रझियाचा हात थांबला.

ईश्वरी भिंत सोडून पुढे आली.

“डॉक्टरबाई, म्हणजे तुमची सुई नसती तर मी आत्ता शाळेत असते?”

“गप गं, मोठ्यांच्या मधे!” कौतिकाबाई दटावत्या झाल्या. रझिया उगाच पंख्याकडे बघायला लागली. सुलक्षणाबाई ईश्वरीकडे वळल्या.

“हो,” त्या म्हणाल्या. “असतीस.”