हरलेल्या टीमसाठी दोन डझन बांगड्या

“दोन डझन द्या. सगळ्यात स्वस्त असतील त्या. अन् माप कोणतंबी चालंल.”

शहागंजातल्या त्या अरुंद दुकानात प्रांजली आजीसाठी हिरव्या बांगड्या निवडत होती. हे शब्द कानावर पडले आणि तिचा हात थांबला. माप कोणतंही? बांगड्या घ्यायला आलेलं माणूस आधी माप सांगतं! तिनं वळून पाहिलं. उंच, सावळा, कपाळावर आठ्या. पाठीवर सॅक, आणि सॅकला बांधलेला निळा रुमाल... तिच्याच कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा.

दुकानदार चाचांनाही नवल वाटलं. “किसके वास्ते होना, बेटा? नाप तो बोलो.”

“बारा जणांसाठी,” तो दातओठ खात म्हणाला. “आमची टीम परवा कोलंबोहून परत येतीय. स्टेशनावरच भरतो त्यांच्या हातात. एकेकाला दोन-दोन.”

प्रांजलीच्या कानशिलाची शीर ताडताड उडायला लागली. वेरूळच्या डोंगरात मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली पोर ती. आवाज एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर जाईल असा. इथं तर दुकान जेमतेम आठ फुटांचं.

“ओ भाऊ! बांगड्या कशाला?”

तो दचकला. “कशाला म्हणजे? चार मॅच, चार हार. शेवटची तर तेहेतीस पॉइंटनं घालवली. असं खेळणाऱ्यांना बांगड्या नाय तर काय गळ्यात हार घालायचे?”

“चार हार घालूनच येतायत की ते. आणखी कशाला?” ती म्हणाली. “आणि असं म्हणजे कसं? बांगड्या घालतात ते वाईट खेळतात, असंच ना?”

“तसं नाय... ती आपली म्हणायची पद्धत असते.”

“पद्धत! मॅच बघितल्या का तुम्ही?”

“चारही. मोबाइलवर. क्लास बुडवून.”

“मग डोळे मिटून बघितल्या असतील.”

आता तोही तापला. “मी डोळे मिटून? तो विश्वजीत! सहा फूट चार इंचांचा गडी, बास्केटखाली झाडासारखा उभा. एक बॉल हाताला लागला नाय त्याच्या!”

“दुसऱ्या मॅचला त्याचा घोटा मुरगळला,” प्रांजली म्हणाली. “त्यानंतर डावा पाय नीट टेकवतच नव्हता तो. दिसलं नाही? आणि समोरचे लांबून तीन-तीन पॉइंटचे बॉल टाकत होते तरी आपली पोरं बास्केटखालीच गोळा होऊन उभी. कुणी सांगितलं तसं उभं राहायला? जो सांगतो तो प्रशिक्षक तर बाकावर बसलेला असतो. त्याच्यासाठी कोणत्या रंगाच्या घेताय?”

तो बघतच राहिला. राग होताच डोळ्यांत, पण त्या रागाखाली आणखी काहीतरी होतं... दुखरं. क्षणभर तिला वाटलं, हा आता रडतो की काय.

चाचांनी बांगड्यांचं खोकं बंद केलं. “जाव बेटा. गाली देने के वास्ते चूड़ियां नहीं बेचता मैं.”

“शहागंजात काय एकच दुकान हाय का?” तो फणकाऱ्यानं म्हणाला आणि पायऱ्या उतरून गर्दीत गेला.

वेरूळच्या एसटीत खिडकीशी बसून प्रांजली मनातल्या मनात त्याच्याशी भांडत राहिली. काय काय बोलायचं राहून गेलं होतं! दौलताबादचा किल्ला मागं पडला तरी भांडण संपेना. आणि भांडताना त्याचे ते डोळेच सारखे समोर येत होते, याचा तर तिला आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी तिची मैत्रीण प्रेरणा हिनं त्याची सगळी माहिती काढली. अंगद. कन्नडचा. टीमच्या चाहत्यांचा जो दोनशे पोरांचा ग्रुप होता तो हाच चालवायचा.

“आणि एक गोष्ट,” प्रेरणा म्हणाली. “निवड चाचणीत तो तेरावा आला होता. बारा गेले कोलंबोला.”

दुपारी कँटीनमध्ये ग्रुपची बैठक बसली. वीस-पंचवीस पोरं, चहाचे कप आणि नुसता कल्ला. कुणी म्हणे प्रशिक्षक बदला, कुणी म्हणे टीमच बरखास्त करा. आकाश नावाचा एक पोरगा पिशवी उंच धरून दाखवत होता. बांगड्या शेवटी आल्याच होत्या.

प्रांजली सरळ टेबलापाशी गेली. मागं प्रेरणा.

“मलाही बोलायचंय,” ती म्हणाली. “मागच्या वर्षी आम्हा मुलींची टीम विभागात पहिली आली. कुणाला माहिती आहे?”

पोरं एकमेकांकडं बघायला लागली.

“कोलंबोला मुलींचीही स्पर्धा होती. आमचं नावच पाठवलं नाही. का? तर मुलींची जबाबदारी कोण घेणार! आमची एक मॅच बघायला तुमच्यातलं कुणी आलं नाही. आणि आता पोरं हरली तर त्यांना द्यायला तुम्हाला आमच्याच बांगड्या सापडतात?”

“हे बघा मॅडम,” अंगद उठला, “तुमच्यावर अन्याय झाला असंल, पण तो विषय वेगळा. हे जे बारा गेले, त्यांनी तिथं जीव तोडून खेळायला पायजे होतं. त्या जागेची किंमत नाय त्यांना!”

“आणि तुला आहे ना?” रागाच्या भरात ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं तिला कळलंही नाही. “विश्वजीतचा राग नाहीये तुला. तू तेरावा आलास, त्याचा राग आहे!”

भजी तळणारासुद्धा थांबला.

अंगदचा चेहरा उतरला. त्यानं सॅक उचलली आणि कुणाकडंही न बघता तो निघून गेला.

जिंकली होती ती. मग छातीत हे काय टोचत होतं? संध्याकाळी सरावात तिचा एकही बॉल बास्केटमध्ये गेला नाही. खरं बोललो की सुटलो, असं तिला आजवर वाटायचं. आज तसं वाटेना.

टीम दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं आली. फेब्रुवारीतलं ऊन उतरलेलं, फलाटावर गार वारा सुटलेला. कॉलेजकडून कुणीच आलं नव्हतं. आले होते ते ग्रुपमधले दहा-बारा जण, आकाश आणि त्याची ती पिशवी. आणि जरा लांब, खांबाला टेकून... अंगद.

प्रांजली त्याच्याजवळ गेली.

“काल मी जे बोलले ते चुकलं,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर तरी नको होतं.”

“खोटं कुठं बोललीस?” तो रुळांकडं बघत म्हणाला.

“खरं होतं म्हणूनच चुकलं.”

आता त्यानं तिच्याकडं पाहिलं. काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात गाडी आली.

पोरं एकेक करून उतरली, माना खाली घालून. विश्वजीत सगळ्यात शेवटी. डाव्या पायाला घोट्यापासून पोटरीपर्यंत पट्टी, आणि खांद्यावर दोन बॅगा. पाय खाली टेकवताना त्यानं दार घट्ट धरलं. अंगद ते बघत होता. बघता बघता त्याच्या कपाळावरच्या आठ्या बदलल्या. तो धावत गेला आणि दोन्ही बॅगा त्यानं ओढूनच घेतल्या.

“कधी झालं हे?” तो विश्वजीतवर ओरडला.

“दुसऱ्या मॅचला.”

“अन् तरी खेळत राहिलास? सांगायचं नाय का गड्या! मी तिकडं बसून तुला शिव्या घालतोय!”

“सांगून काय झालं असतं?” विश्वजीत ओशाळं हसला. “बदलीला तू नव्हतास ना तिथं.”

अंगदनं दोन्ही बॅगा खांद्यांवर चढवल्या. पण आकाश तोवर पुढं सरसावला होता. त्यानं पिशवीत हात घातला आणि मूठभर बांगड्या विश्वजीतपुढं धरल्या. कुणीतरी फिदीफिदी हसलं.

“इकडं दे,” प्रांजली म्हणाली, आणि त्याला कळायच्या आत तिनं त्या हिसकावून घेतल्या. काही मोठ्या होत्या, काही लहान. तिच्या मापाच्या चार निघाल्या. त्या तिनं तिथंच, सगळ्यांदेखत, हातात चढवल्या.

“बसल्या,” ती म्हणाली. “आता ऐका. मॅच कशी खेळायची हे तुम्हाला चांगलं कळतं ना? रविवारी सकाळी ग्राउंडवर या. तुमचा ग्रुप आणि आम्ही मुली. हरलात तर पुन्हा बांगड्यांचं नाव काढायचं नाही. आहे हिंमत?”

आकाश इकडंतिकडं बघायला लागला.

“हाय,” अंगद म्हणाला. दोन्ही खांद्यांवर बॅगा, ओठांच्या कोपऱ्यात हसू. “कॅप्टन मी.”

“तू तर माझ्याच हातून हरणार!”

“बघू की.”

रविवारी पोरं हरली. चव्वेचाळीस-एकोणीस. आकाशला तर दहाव्या मिनिटालाच धाप लागली आणि तो पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसला, तो परत आलाच नाही. एकोणिसातले चौदा पॉइंट एकट्या अंगदचे होते. त्याला अडवायचं काम प्रांजलीकडं होतं.

“इतका चांगला खेळतोस?” त्याच्यापुढं हात पसरून उभी असताना ती पुटपुटली.

“तेरावा हाय. पंचविसावा नाय.” त्यानं उजवीकडं जायची हूल दिली. ती फसली नाही. “अन् तू जरा लांब उभी राहा ना. बास्केट दिसत नाय.”

“मग काय दिसतंय?”

तो उत्तर द्यायला गेला आणि तेवढ्यात तिनं बॉल काढून घेतला. पलीकडं पट्टीचा पाय लांब करून बसलेला विश्वजीत मांडीवर थाप मारत हसला.

मॅच संपल्यावर ती सिमेंटच्या पायरीवर बसली होती. अंगद येऊन उभा राहिला. घामानं चिंब, गुडघा सोललेला.

“मला लई राग आलाय,” तो म्हणाला.

“हरलास म्हणून?”

“नाय. मी एका नंबरानं राहिलो तर चार महिने जळत होतो. तुम्ही असं खेळता अन् तुम्हाला यादीत घ्यायचंबी कुणाला सुचलं नाय? काय कॉलेज हाय का काय! उद्या मी प्राचार्यांच्या केबिनपुढं जाऊन बसणार. पुढच्या स्पर्धेला मुलींचं नाव पाठवतो असं लिहून देईपर्यंत उठणार नाय. एकटा असलो तरी.”

“एकटा कशाला?” ती हळूच म्हणाली.

त्यानं ग्राउंडच्या धुळीत बुटाच्या टोकानं रेघ ओढली. पुसली. पुन्हा ओढली.

“आणखी एक सांगायचं होतं... पण तुझ्यासमोर शांतपणे बोलताच येत नाय मला. दुकानात भांडलो, कँटीनमध्ये भांडलो—”

“मग भांडल्यासारखं सांग.”

“नक्की?”

“सांग ना!”

“मला तू आवडतेस!” तो एवढ्या मोठ्यानं ओरडला, की पलीकडं बॉल आपटणाऱ्या पोरी थांबल्या. “त्या दिवशी म्हणालीस ना, डोळे मिटून बघतोस... तेव्हापासून! झालं?”

प्रेरणानं शिट्टी मारली. प्रांजलीचे कान तापले. रागानं तापतात तसेच, पण हा राग नव्हता.

“हळू बोल की,” ती म्हणाली. “बहिरी नाहीये मी.”

“मग... तुझं काय?”

ती उठली, वेणीचं रबर नीट आवळलं, आणि दोन पावलं गेल्यावर मागं वळली. “उद्या दहाला. केबिनपुढं. उशीर केलास तर माझ्याइतकं वाईट कुणी नाही.”

“हे व्हय समजू का?”

“तुला नाही कळलं तर राहू दे,” ती म्हणाली. पण मग ओठ दाबूनही हसू थांबेना, आणि ती हळूच म्हणाली, “व्हय.”

सोमवारी ती नऊलाच पोचली. जिना चढतानाच वरून आवाज आला. प्राचार्य अजून आले नाहीत म्हणून अंगद शिपायाशी हुज्जत घालत होता. विभागात पहिल्या आलेल्या टीमला दारात उभं ठेवता का, म्हणून विचारत होता. मागून विश्वजीत त्याला आवरत होता, आणि तो ऐकत नव्हता.

प्रांजली जिन्यात क्षणभर थांबली. तिच्यासाठी, तिच्या पोरींसाठी कुणीतरी इतकं तावातावानं भांडत होतं... आणि आठवडाभरात पहिल्यांदाच तिला कुणाचाही राग येत नव्हता.

मग तिनं उरलेल्या पायऱ्या दोन-दोन करत गाठल्या, आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.